ओल्या जिन्यावरची बाई

गल्लीतली पोरं तिला भूतमावशी म्हणायची आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली होती. ती कधी चिडली नाही. एखादं नवं गिऱ्हाईक कपडे शिवायला आलं आणि चाचरत विचारलं, की तुम्हाला असं का हो म्हणतात, तर ती ओठांत धरलेल्या टाचण्या काढून सरळ सांगायची, "मी भूत होते म्हणून."

ते खरंच होतं. तरुणपणी तिनं एका चित्रपटात भुताचं काम केलं होतं. 'ओला जिना' त्याचं नाव. तो काढणारा माणूस शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर चित्रपटातल्या घराचे पडदे शिवून घ्यायला तिच्याकडे आले, आणि मापं घ्यायला ती त्या घराच्या जिन्यावर उभी राहिली तेव्हा खालून तिच्याकडे बघतच राहिले. ती उंच, हाडकुळी, मितभाषी. मास्तर म्हणाले, अशाच उभ्या राहाल का आमच्या चित्रपटात, बोलायचं काही नाही. तिला हसू आलं, पण ती उभी राहिली.

तेव्हा तिचं नवंनवं लग्न झालेलं. नवऱ्यानं, तुला करावंसं वाटतंय ना, मग कर, एवढंच म्हटलं. सासऱ्यांनी मात्र तिच्याशी बोलणं टाकलं ते जवळजवळ कायमचंच. आणि मोठ्या नणंदेनं, वन्संनी, तो चित्रपट कधी पाहिलाच नाही. पुढे सासरे गेले, सासूबाई गेल्या, नवराही गेला, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि वन्सं अशा दोघीच उरल्या. एक शिवायची, दुसरी काजं करायची. भांडायच्या, रुसायच्या, पुन्हा एकाच भांड्यातला चहा ओतून घ्यायच्या. पण 'ओला जिना' हा विषय दोघींमध्ये कधी निघाला नाही. वन्संना त्याची लाज वाटते, असं तिनं गृहीत धरलं होतं.

अशा वेळी एके दिवशी दुकानात फुलांचा भलामोठा गुच्छ आला, आणि त्याच्यामागून एक तरतरीत मुलगा. तो एका चित्रपट कंपनीचा प्रसिद्धीवाला होता. 'ओला जिना' नव्यानं काढलाय, म्हणाला. पहिला खेळ उद्या दुपारी मोठ्या थिएटरात आहे, आणि स्टेजवर जुनं भूत आणि नवं भूत शेजारी शेजारी उभं करायची त्यांची कल्पना आहे. तिनं फक्त दोन वाक्यं बोलायची. ती त्यानं छापूनच आणली होती: "आम्हाला जे जमलं नाही ते या मुलांनी करून दाखवलं. माझी तर झोपच उडाली."

तिनं चष्मा लावून कागद वाचला आणि घडी करून त्याला परत दिला.

"झोप उडाली की नाही ते बघितल्यावर सांगते," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, कार्यक्रम खेळाच्या आधी आहे. ती म्हणाली, मग नंतर ठेवा, किंवा दुसरं भूत शोधा. त्यानं बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ कुणाशी तरी हुज्जत घातली आणि आत येऊन सांगितलं की चालेल, नंतर ठेवू. त्याला वाटलं असावं, म्हातारी माणसं असतात हट्टी, शेवटी माइक हातात आला की गोडच बोलतात.

वन्सं काजाच्या धाग्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "मी येते."

भूतमावशीच्या हातातली कात्री तशीच राहिली. पण तिनं का म्हणून विचारलं नाही.

थिएटर नव्या झुळझुळीत कापडासारखं चमकत होतं. दोघींना पुढच्या रांगेत बसवलं. दिवे गेले आणि पहिल्या पाच मिनिटांतच असा काही आवाज झाला की वन्संनी तिचं मनगट घट्ट पकडलं. चित्रपट दिमाखदार होता, यात वाद नाही. मास्तरांच्या चित्रपटात एका ठिकाणी भिंतीवर कॅमेरेवाल्याची सावली पडली होती आणि पाऊस म्हणजे गच्चीवर झारी घेऊन उभा असलेला मास्तरांचा मेहुणा होता. इथं पावसाचा थेंबन्‌थेंब दिसत होता. नवं भूत छतावरून चालत यायचं, भिंतीतून हात काढायचं, किंकाळी फोडायचं. भूतमावशी एकदोनदा खुर्चीतून उडाली. तिला मजाही आली. ते काम करणारी मुलगी गुणी होती. एका प्रसंगात ती क्षणभर नुसती पायरीवर थांबली आणि भूतमावशीच्या पाठीतून शिरशिरी गेली. पण लगेच ढोल बडवल्यासारखा आवाज झाला आणि तो क्षण वाया गेला.

गोष्ट सुरुवातीला तीच होती. एका घरात नवी सून येते. तिला रोज सकाळी जिन्यावर ओली पावलं दिसतात आणि सासरा घाईघाईनं ती पुसताना दिसतो. हळूहळू कळतं की या घरात आधी एक सून होती, आणि ती एका पावसाळी रात्री मेली.

मास्तरांच्या चित्रपटात ती मेली कारण सासऱ्यानं तिला शिक्षा म्हणून घराबाहेर, जिन्यावर ठेवलं आणि आतून कडी लावून तो झोपून गेला. तिचं भूत कुणाला काही करत नाही. ते जिन्यावर उभं राहतं, एवढंच. पाहुणे येतात, गप्पा होतात, आणि मधेच प्रेक्षकाच्या लक्षात येतं की अरे, ही मागं कधीची उभी आहे. शेवटी नवी सून उठते, सगळ्यांसमक्ष कडी काढते आणि हातातला कोरडा टॉवेल पुढे करून म्हणते, आत या. ती आत येते. सासरा मान खाली घालून तिच्याच जागी, पायरीवर, जाऊन बसतो.

नव्या चित्रपटात ती पहिली सून लबाड निघाली. तिला घर गिळायचं होतं, तान्ह्या बाळाला मारायचं होतं, आणि सासऱ्यानं तिला बाहेर काढलं ते घर वाचवायला. शेवटी त्या सासऱ्यानंच स्वतःचा जीव धोक्यात घालून जिना पेटवला. भूत किंचाळत जळालं. नवी सून सासऱ्याच्या गळ्यात पडून रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भूतमावशीनं हात मांडीवर ठेवले होते ते तसेच ठेवले. शेजारी वन्सं ताठ बसल्या होत्या.

मग दोघा भुतांना स्टेजवर बोलावलं. नव्या भुताचं काम केलेली मुलगी वाकून तिच्या पाया पडली आणि हात धरून उभी राहिली. नवा दिग्दर्शक, चाळिशीतला, दाढीवाला, मागं हसतमुख उभा. प्रसिद्धीवाल्यानं तिच्या हातात माइक दिला.

"चित्रपट चांगला काढलाय," भूतमावशी म्हणाली. "आवाजानं मी दचकले, खोटं कशाला बोलू. ही पोरगी तर फारच छान. हिला जरा गप्प उभं राहू दिलं असतं तर अजून छान झालं असतं."

लोक हसले. दिग्दर्शकही हसला.

"पण मला भीती वाटली ती शेवटाची. आमच्या चित्रपटात त्या बाईनं कुणाचं वाईट केलं नव्हतं. वाईट केलं होतं ते कडी लावणाऱ्यानं. तुम्ही त्याला देवमाणूस केलंत आणि तिला जाळलंत. मेलेल्या बाईला पुन्हा एकदा मारलंत, वर टाळ्या घेतल्यात. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हा तुमचा चित्रपट आहे, तुम्हाला लखलाभ. पण ती माझी बाई नाही."

मागच्या रांगांत कुणीतरी शिट्टी वाजवली. निवेदिकेनं माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि आता चहापान आहे असं जाहीर केलं. प्रसिद्धीवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भूतमावशीनं मुलीचा हात हलकेच सोडवला, वन्संना उठवलं, आणि दोघी चहा न घेताच घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "तुझा बघायचाय."

मास्तरांनी मरण्याआधी तिला चित्रपटाची एक तबकडी, डीव्हीडी, करून दिली होती. तिनं दुकान बंद केलं, पडदे ओढले, आणि इतक्या वर्षांनी दोघी नणंदाभावजया 'ओला जिना' बघायला बसल्या. चित्र धुरकट होतं, आवाज खरखरत होता. पाहुण्यांच्या प्रसंगात वन्संनी अचानक बोट दाखवलं, "अगं, तू मागं उभी आहेस." शेवटी कडी निघाली तेव्हा त्यांनी पदराच्या जागी हातातलं शिवणाचं कापडच डोळ्यांना लावलं.

"बाबांनी बघितला होता हा?" त्यांनी विचारलं.

"बघितला होता. मधेच उठून गेले."

वन्सं कापडाची किनार चुरगाळत सांगू लागल्या. त्यांचं लग्न टिकलं नव्हतं, एवढंच भूतमावशीला ठाऊक होतं. ती या घरात आली त्याच्या आधीची गोष्ट. नवऱ्याचा मार असह्य होऊन वन्सं एका संध्याकाळी माहेरी निघून आल्या, तर बाबांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, गेलीस तशी परत जा. आई आत रडत होती, पण तिलाही कडीपर्यंत जाऊ दिलं नाही. थंडीचे दिवस होते.

"दूधवाल्याची सायकल ऐकू आली तेव्हा उघडलं," वन्सं म्हणाल्या. "मला बघून नाही. लोक बघतील म्हणून."

तुझ्या चित्रपटाची गोष्ट मला कुणीतरी सांगितली होती, त्या म्हणाल्या. तुझी लाज वाटत होती म्हणून नव्हे गं, बघवणार नाही म्हणून गेले नाही.

इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि या बाईची लाज समजून जे भूतमावशी सोसत आली, ती लाज नव्हतीच. तिनं उठून चहा टाकला. वन्संनी कपात बघत विचारलं, "ती मुलगी, दार उघडणारी. कुठं असते गं आता?" आणि कुठंतरी परगावी असते म्हटल्यावर, "बरी असू दे," म्हणाल्या.

आठवडा गेला नाही तोच गल्लीतला पेपरवाला पेपर फडकावत आला. अर्ध्या पानाची जाहिरात होती. तिचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "चित्रपट चांगला काढलाय... आवाजानं मी दचकले... मला भीती वाटली! – मूळ भूत." पेपरवाला कौतुकानं आला होता, बिचारा.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं प्रसिद्धीवाल्याला फोन लावला. तो मावशी मावशी करत म्हणाला, शब्द तर तुमचेच आहेत, आम्ही एकही बदललेला नाही.

"मीही कापण्याचाच धंदा करते," भूतमावशी म्हणाली. "कोटाला दिलेल्या कापडाची चड्डी शिवून 'कापड तुमचंच आहे' असं गिऱ्हाईकाला सांगत नाही."

तो हसला, निर्णय वरच्यांचा असतो म्हणाला, आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. वकिलाकडे जावं तर त्यात वर्षं जातील. गप्प बसावं तर जिथं तिथं आपलाच फोटो आपल्याच विरुद्ध बोलतोय. ती मशीनवर बसून नुसतंच चाक फिरवत राहिली.

"असं किती वेळ बसणारेस?" वन्संनी विचारलं. "त्यांनी तुझे शब्द कापले ना? मग शब्द देऊच नकोस. तुला काय येतं ते कर. जाऊन उभी राहा."

भूतमावशीनं वळून पाहिलं. वन्संनी काजाची सुई डबीत ठेवून दिली होती आणि पायात चपला घातल्या होत्या.

कपाटात करड्या रंगाचं अस्तर पडून होतं. त्याचा तिनं त्याच दिवशी लांब झगा शिवला, मास्तरांनी सांगितला होता तसा, गळ्याशी बंद आणि हात झाकणारा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला दोघींनी तिकिटं काढली. चित्रपट संपत आला तेव्हा त्या आतून उठून बाहेर आल्या. थिएटरचा जिना रुंद, संगमरवरी, सगळे प्रेक्षक त्यानंच खाली यायचे. भूतमावशीनं नळाखाली डोकं धरलं, पांढरे केस मोकळे सोडले, आणि कठड्याला धरून मधल्या पायरीवर उभी राहिली. वन्सं घडीचं स्टूल उघडून पायथ्याशी बसल्या.

दारं उघडली. लोक हसत, बडबडत बाहेर आले. पुढचे तिच्या बाजूनं निघूनही गेले, त्यांना ती दिसलीच नाही. मग एका बाईनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. मग आणखी कुणी थांबलं. भूतमावशी कुणाकडे बघत नव्हती. केसांतलं पाणी झग्यावरून पायरीवर ठिबकत होतं, गुडघे दुखत होते, आणि पोटात एक जुनी, ओळखीची शांतता होती. बडबड वरच्या पायऱ्यांपासून खालपर्यंत विझत गेली.

मॅनेजर धावत आला. गोल, घामाघूम माणूस. हे काय चाललंय, असं त्यानं विचारल्यावर वन्संनी दोन्ही तिकिटं दाखवली. "पैसे भरलेत," त्या म्हणाल्या. "जिना तिकिटात येत नाही का?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. तोवर लोक वन्संना विचारायला लागले होते, ही कोण, जाहिरातीतली का? वन्सं प्रत्येकाला सांगत होत्या, "ही मूळची. हिला जाळलेलं नाही." आणि पुढे ऐकायला थांबेल त्याला जुना शेवट सांगायच्या. कडीपाशी आल्या की त्यांचा आवाज जरा घोगरा व्हायचा, पण थांबायचा नाही. बाकी चित्रपटातलं सांगताना त्या चुकायच्या, पाहुण्यांच्या प्रसंगात आपल्या पदरची दोन माणसं घालायच्या, पण शेवट अगदी नेमका.

दोघी रोज जाऊ लागल्या. प्रसिद्धीवाल्याला आधी उकळ्याच फुटल्या, फुकटची जाहिरात म्हणून त्यानं फोटो काढून घेतले. मग तो वन्संजवळ उभा राहून त्या काय सांगतात ते ऐकू लागला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. एक दिवस नव्या भुताचं काम केलेली मुलगी आली. तोंडावर रंग नाही, साधे कपडे. मी तुमच्यासारखी उभी राहिले होते, तिनं हळूच सांगितलं, अख्खा प्रसंग होता. त्यात काही घडत नाही म्हणून कापला. मग ती वरच्या पायरीवर जाऊन तशीच उभी राहिली, लोक बाहेर पडेपर्यंत. कंपनीला हे रुचणार नाही हे तिला कळत होतं, आणि भूतमावशीनं तिला तसं बजावलंही. मुलगी म्हणाली, कळू दे त्यांना.

शेवटी दिग्दर्शकच आला. ओरडायला आला नव्हता, त्याला खरोखर राग आणि वाईट दोन्ही वाटत होतं. लहानपणी 'ओला जिना' बघूनच मी या धंद्यात आलो, म्हणाला. पण आजचा प्रेक्षक थांबत नाही मावशी, त्याला दर मिनिटाला काही द्यावं लागतं.

"मी इथं काही न करता उभी असते," भूतमावशी म्हणाली. "तुमचाच प्रेक्षक थांबतो."

"तुमचा चित्रपट तेव्हा साफ पडला होता," तो म्हणाला. "ते का नाही सांगत?"

"पडला होता. आठवडाभरही चालला नाही. पण पडला म्हणून खोटा होता का? आणि आवाज, आग, छतावर चालणं, हवं ते घाला, माझी ना नाही. पण दोषी कोण ते का बदललंत? ते बदलल्यानं कुठली जास्त भीती वाटली तुम्हाला?"

सासरा वाईट दाखवला तर घरचे लोक एकत्र बघायला येणार नाहीत, असं वरून सांगण्यात आलं होतं, हे त्यानं अखेर कबूल केलं. वन्सं स्टुलावरून म्हणाल्या, "म्हणजे भ्यायलात तुम्हीच." तो तरीही गेला नाही. त्या दिवशी तो बराच वेळ पायथ्याशी बसून होता.

मॅनेजरचं लक्ष मात्र तिकीटखिडकीकडे होतं. रोज कुणी ना कुणी विचारायचं, जुना कुठं बघायला मिळेल? त्यानं भूतमावशीला गाठून जुन्या चित्रपटासाठी रविवार सकाळचा खेळ देऊ केला, तेव्हा ती मास्तरांच्या बायकोकडे परवानगी मागायला गेली. मास्तरीणबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. "नाव आणि गोष्ट विकली मी त्यांना," त्या म्हणाल्या. "यांचा चित्रपट माझ्याचपाशी आहे. दाखव, आणि मोठ्या आवाजात दाखव, बहिऱ्यांनाही ऐकू जाऊ दे." चित्रपटात फारसा आवाजच नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. दोघी खूप हसल्या.

पहिल्या रविवारी अर्धं थिएटर भरलं. धुरकट चित्राला पोरं सुरुवातीला हसली, कॅमेरेवाल्याच्या सावलीला तर टाळ्या पडल्या. नंतर हसणं आपोआप बंद झालं. शेवटी कडी निघाली तेव्हा मधल्या रांगेतल्या कुणा अनोळखी बाईनं मोठ्यानं "उघड, उघड" म्हटलं आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

जाहिरात त्यानंतर पेपरात दिसली नाही. माफी कुणी मागितली नाही. प्रसिद्धीवाल्यानं तेवढा एक फोन केला, आता जिन्यावर उभं राहणं थांबवाल ना, म्हणून. आता तरी समाधान झालं असेल तुमचं, असंही म्हणाला.

"नाही," भूतमावशी म्हणाली. "तुमच्याकडे ती अजून रोज प्रत्येक खेळाला जळते."

"मग अजून किती दिवस हे चालणार?"

तिनं फोन खांद्याशी धरून वन्संना विचारलं. वन्सं झग्याला नवं अस्तर लावत होत्या. थंडी पडायला लागली होती, आणि संगमरवराचा गारठा पायांतून चढायचा.

"सांग त्याला," वन्सं म्हणाल्या, "लोकरीचं लावतेय."